सोड्याच्या गॅसचं पेट्रोल

१२ सप्टेंबर १९४३
पेट्रोलची कुपनं पुन्हा कापली. माझी कुंडम गावची बस आता आठवड्यातून एकदाच. दसरा झाला की परमिटवाले साहेब येणार. बस रोज धावत नसेल तर या रस्त्याचं परमिट त्या दुसऱ्या बसवाल्या भय्यासाहेबांना. त्यांनी आपल्या बसच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली आहे. बस कसली, फिरती चूल. मी बसवणार नाही. ओमती मोहल्ल्यात हातगाडीवर लिंबू-सोडा विकून ज्यानं सोड्याचा कारखाना काढला, तो चूल ओढत फिरणार नाही.

१४ सप्टेंबर
जावईबापू शैलेंद्रराव दसऱ्यापर्यंत राहायला आले. कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. अंगणात कुणाला तरी सांगत होते. माझे कान घरात होते, तरी ऐकलं. सोड्यात भरतो तोच गॅस हायड्रोजनसोबत तापल्या लोखंडावरून नेला की तेल होतं. गॅस माझ्याकडे सिलिंडरं भरून. हायड्रोजन जस्त-तेजाबातून निघतो. लोखंड भंगारात पडून आहे. मग अडलं काहून?

१९ सप्टेंबर
गोदामामागे लोखंडी नळी. आत गंजाचा लाल चुरा, खाली शेगडी. दिवसभर नुसतं पाणी. जावईबापू म्हणाले, धीर धरा, लोखंड अजून बदलून राहिलं आहे.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ
चुरा काळा झाला असणार, कारण शिशीत पाण्यावर तेलाचा तवंग! वास अस्सल पेट्रोलचा. मंडळी म्हणाली, रॉकेलचा. तिला वासातलं कळत नाही. पानाच्या ठेल्यावर भय्यासाहेबांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणालो की भट्ट्या लवकरच भंगारात मिळतील.

२९ सप्टेंबर
तेल कमी, पाणी जास्त. जावईबापूंचं लेक्चर. लोखंड आधी कार्बन खातं, तेव्हा कुठे तेल देतं. पण तेलाबरोबर पाणीही होतं, आणि तेच पाणी त्याला पुन्हा गंजवतं. म्हणाले, "मामाजी, ते काम करता करताच बिघडतं." मी म्हटलं, मी वीस वर्षं काम करून राहिलो, मी बिघडलो का? ते उठून शेगडी बघायला गेले. पटलं असावं.

१ ऑक्टोबर
लोखंड आळसावलं होतं म्हणून शेगडी दुप्पट पेटवली. तेल बंद. जावईबापू म्हणतात, जास्त आचेनं काजळी धरते, कण एकमेकांना चिकटतात. आच कमी करा, सोड्याचा गॅस बंद ठेवून नुसता हायड्रोजन सोडा, आणि काही झालं तरी नळी उघडू नका, या लोखंडाला हवा सोसत नाही. त्यांचंही मन राखायला हवं. आच कमी केली.

५ ऑक्टोबर
तेल परत आलं! चमचाभर. बसची टाकी मोठी आहे, पण सुरुवात ती सुरुवात. नळीतून बारीक शीळ येते. मला तर ती इंजिनासारखी ऐकू येते.

७ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज हत्यारांना सुट्टी. बस धुतली, सोड्याचं मशीन धुतलं, पाने-हातोडे मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग मनात आलं, सध्या माझ्याकडे सगळ्यात जास्त राबतं कोण? नळीतलं लोखंड. त्यालाच विसरलो तर कृतघ्नपणा. जावईबापू बाजारात गेले होते. शेगडी विझवली, नळी निवू दिली, उघडली, चुरा ताटात ओतला. हळद लावायच्या आत तो आपोआप धगधगला! मी देवीचा कौल समजून हात जोडले. मंडळीनं कलशातलं पाणी ओतलं. मग हळद, कुंकू, आरती, सगळं रीतसर.
जावईबापू आले, ताटात पाहिलं आणि पायरीवर बसले. चुरा पहिल्यासारखा लाल. मी म्हटलं, कुंकवाचा रंग आहे. ते म्हणाले, "कुंकवाचा नाही, मामाजी. गंजाचा."
पूजेनं कधी कुणाचं वाईट झालं आहे? पुरणपोळीला नाही म्हणाले. शिकलेल्या माणसांना सण कळत नाहीत.

११ ऑक्टोबर
साहेब आले. शिशीतलं सगळं तेल टाकीत ओतलं. इंजिन खोकलं. माझ्या कानांना स्पष्ट कळलं की आता लागतंय. साहेबांचे कान तितके तयार नाहीत. परमिट भय्यासाहेबांना. मी तोंडावर सांगितलं, बस रोज धावणं ही काही प्रगती नव्हे.

१८ ऑक्टोबर
कुंडमला सोड्याच्या पेट्या पोचवणं भागच होतं. भय्यासाहेबांच्या बसनं गेलो. त्यांनी मानानं पुढे बसवलं. चढावर बस थांबली. सगळे उतरले, म्हणून मीही उतरलो. भय्यासाहेब खिडकीतून म्हणाले, "तुळशीरामजी, जरा जोर लगाव भैया."
मी ढकलली नाही. नुसता हात ठेवला होता. उजवा खांदा परत आल्यापासून वर होत नाही, तो थंडीमुळे.