बाबाची कबुतरं

मंगळवार, संध्याकाळ. चाकण.

बाबानं शेवटी कबुतरं देऊन टाकली. मीच मागं लागलो होतो. डॉक्टर म्हणाले, पिसांच्या धुळीनं खोकला वाढून राह्यला. बाबा ऐकेचना. मंग मी म्हटलं, कबुतरं सोडली तर महिन्याले दोन हजार जास्त पाठवतो. तवा हासला. "बापाले लाच देतं काय बे?"

आज मायचा फोन आला. शिरपूरचा रफिकभाई सारी कबुतरं घेऊन गेला. त्याच्या आधी बाबानं एकेकाले मांडीवर घेऊन पंख दोऱ्यानं बांधले. नाही बांधले तर दिलेलं कबुतर उडून जुन्याच घरी येते. रफिकभाई म्हणे, "भाऊ, मी बांधतो ना." बाबा म्हणे, "तू आवळशीन." सोताच्या हातानं बांधले, वापस येऊ नये म्हणून. तेच डोक्यातून जाऊन नाही राह्यलं.

म्हणजे पैशानं झालं काय हे? भांडला असता तर बरं झालं असतं.

मंग बाबा फोनवर आला. खोकला तसाच. मी म्हटलं, पैसे टाकले.

"कायले टाकले? पैशासाठी देली काय म्या? तुह्या जीवाले तिथं घोर लागला होता, म्हून देली."

सोताच्या हातानं बांधले, हेच दिसून राह्यलं.

"पैशाचं राहू दे," म्हणे. "कबुतरांले दाणे टाकाची सवय, अंधारातच जाग येते मले. मंग करू काय, तेवढं सांग."

मी म्हटलं, झोपून राहत जा.