घोटा, भूल आणि माझ्या बाजूचा ब्रेक

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. घोटा वाकत नसल्याने प्रत्यक्षात अर्धाच होतो.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी गोड सोडलं म्हणतात, ते खरं की नेहमीसारखंच? इकडे सगळे मजेत आहेत, झोप फक्त माझी उडाली आहे.

तुला ठाऊकच आहे, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. जन्मभर तो दाबून (आणि घरी टीव्हीत गाडी वळली तरी फरशी दाबून) माझ्या उजव्या घोट्याचा खुळखुळा झाला आहे. आत हाडाचा तुकडा सुटून फिरतो. येत्या आठवड्यात दुर्बिणीने काढणार, दोन बारीक भोकं पाडायची आणि संध्याकाळी घरी. इथवर मी वाघ होतो. मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भूल कोणती घ्यायची ते ठरवू या का?

ताई, मला वाटायचं भूल म्हणजे भूल. तर तिथेही निवड! एक तर पूर्ण झोपवतात. म्हणजे गाडी परक्याच्या हाती देऊन आपण मागे घोरायचं. नाहीतर पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करतात. जागा राहीन, पण दोन्ही पाय माझे नसतील. किंवा गुडघ्यामागे सुई देऊन तेवढाच पाय झोपवायचा, पण मग रक्त थांबवायला मांडीला आवळलेला पट्टा सोसवला पाहिजे. सुईचं नाव निघताच माझा पाय सवयीने फरशीवर असा दाबला गेला, की माझ्या बोंबेने बाहेरचे दोन पेशंट उठून गेले. (तुझी भावजय म्हणते, एकच.) मी विचारलं, मध्येच काही वाटलं तर मी थांबवायचं कसं? बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही, मी थांबवीन. पूर्ण वेळ तुमच्या उशाशीच बसलेली असते मी." अगं, हे तर माझंच वाक्य! घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे, असं मी प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगत आलो. ते ऐकून कुणालाही काडीचा धीर येत नाही, हे आता कळलं.

तुझी भावजय म्हणते, पूर्ण झोपाच, जागे राहिलात तर सर्जनला इंडिकेटर द्यायला सांगाल. पण मला भीती वाटते गं. झोपलो आणि उठलोच नाही तर? बाई म्हणाल्या तसं क्वचितच होतं, पण माझं लक्ष त्या क्वचितवरच अडकलं. शेवटी पाठीतली सुई ठरवली. तू येऊ नकोस, उगाच दगदग.

तुझा धाकटा

ता.क. परतताना गाडी तुझी भावजय चालवणार म्हणते. माझे पाय नुकते जागे झालेले, शेजारी ब्रेक नाही. तेव्हा तू येच, आणि गाडी तूच चालव. माझ्या हाताखाली न रडता शिकलेली तू एकटीच.

ता.क. वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गाडी मीच चालवणार, ह्यांना मागे आडवं करून. पण तुम्ही नक्की या. हे आत असताना बाहेरच्या बाकावर माझाच पाय ब्रेक शोधत बसेल. तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी हवं.