खाली

बाबा, परवा तुमची पितळी पुंगळी मी पहिल्यांदा उलटी केली. गोरखपूर मोहल्ल्यातलं घर सोडायचं ठरलंय. दाराशी इतकी वर्षं छत्र्या सांभाळत उभी असलेली ती तोफगोळ्याची पुंगळी, जुन्या वस्तू घेणाऱ्या एका भैयांना दाखवली. "दीदी, इसका दाम तो पेंदे में होता है," ते म्हणाले. माप कोणतं, साल कोणतं, कोणी तपासली, सगळं बुडाच्या ठशांवरून कळतं म्हणे. मी मात्र दर दिवाळीला चिंच लावून वरूनच घासत आले.

लहानपणी मी तिला फार भ्यायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यातून आलात की डब्याची पिशवी ठेवून तुम्ही समजवायचात, "हे पाय, बुडाच्या टोपीवर ठोकर बसते, आतली बारूद पेटते, धुराले जागा पुरत नाही, मंग गोळा समोर जाते. पुंगळी मागं राहते. आता खाली हाय ते, काहून भिऊन राहिली?" आपल्या घरात 'खाली' हिंदीतलंही चालायचं, म्हणजे रिकामं, आणि मराठीतलंही, म्हणजे बुडाशी. कधी कोणतं, हे कुणाला विचारावं लागत नसे.

मग लढाई लागली. तुमच्या डबल पाळ्या सुरू झाल्या. आई तापानं फणफणली, तुम्हाला निरोप पोचला, आणि तुम्ही पाळी संपवूनच आलात. तोवर आई गेली होती. मी दारातच म्हटलं, "आता काहून आले?" चौदा वर्षांची होते, पण जीभ चांगली तिखट होती. तुम्ही डब्याची पिशवी ठेवून आईपाशी जाऊन बसलात. पुढं मी तुम्हाला जेवायला वाढलं, तुमचं आजारपण काढलं, पण त्या दिवसाचा विषय काढला नाही. राग होता बाबा, आणि तो मी जपून ठेवला.

भैयांनी टॉर्च मारला. कारखान्याच्या नीट ठशांशेजारी हातानं ठोकलेली वाकडी अक्षरं होती. "ये चुकलो कौन-सी कंपनी है, दीदी?" कारखान्यात ठोकायचे ठसे इंग्रजी अक्षरांचेच, तुम्ही त्यातून मराठी ठोकलंत. चुकलो. या जादा ठशानं भाव पडतो, असंही ते म्हणाले. "बंद झाली ती कंपनी," मी सांगितलं आणि पुंगळी आत नेली.

हे पत्र आता तिच्यातच घालून ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. शेवटच्या आजारात, आवाज बसला होता तेव्हा, तुम्ही खाटेवरून पुंगळीकडे बोट केलंत. "खाली... खाली..." मला वाटलं, तुम्हाला माझं लहानपणचं भिणं आठवलं. मी म्हटलं, "माहीत आहे मला, बाबा."

म्हणजे तुम्हाला वाटलं असणार, मी वाचलंय. वाचून गप्प आहे. त्यानंतर चार दिवस तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी, तहान लागली असेल म्हणून, चमच्यानं पाणी पाजत राहिले.