आईचा मुक्काम हलवताना

व्हियाएर्मोसा, ३ सप्टेंबर

ती. एवारिस्तोदादास,
सा. न. वि. वि. इथे आम्ही सगळे घामाघूम, पण खुशाल. नदी आपल्या गावच्या कबरस्तानाचा काठ खात सुटली आहे, हे मला बाजारातल्या मासेवालीकडून कळावं? तुझ्या पत्रांत मात्र ढगांची वर्णनं. इथल्या कबरस्तानाच्या भिंतीत वरच्या ओळीचा कोनाडा घेतला आहे. सारं ताबास्को बुडालं तरी आईबाबांचे पाय कोरडे राहतील. दोघांच्या अस्थी घेऊन ये, आणि तूही इथेच राहा. सत्तरी उलटलेल्या माणसाने दर पुरात कोंबड्यांबरोबर माळ्यावर झोपणं बरं दिसत नाही. कोंबड्यांनाही.
तुझ्या काळजीने म्हातारी झालेली,
क्रिसांता

लास पाल्मास, १२ सप्टेंबर

चि. सौ. क्रिसांतास,
अ. उ. आ. पोसोलचा वाडगा हातात घेऊन पत्र वाचलं. मका नि कोको थंड, तुझा राग गरम. एक कळवायचं राहिलं. बाबा मागच्या पुरातच गेले. सकाळी पाहतो तर आईशेजारी नुसतं भगदाड, खाली पाणी. नेहमीसारखेच न सांगता गेले. वाटतं, आईलाही जाऊ द्यावं. जन्मभर मुलांना नदी-सागराच्या भेटीच्या कविता शिकवल्या. उसुमासिंता कुठेतरी समुद्राला मिळते, तिथे भेटतील दोघं. चांदणं पडलेलं असेल.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

व्हियाएर्मोसा, २० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. भेट कसली डोंबलाची? बाबा जिवंतपणी तीनदा पळाले, त्यात एकदा सर्कशीतल्या बाईमागे. दर वेळी आई धक्क्यावर उभी. परत आले की म्हणायची, मेल्या, मेल्यावर तरी एका जागी पड. तेवढंही जमलं नाही त्यांना. आता तिला पुन्हा त्यांच्याच मागे धाडतोस? चांदण्यात मगरी असतात दादा, तुझ्या कवितेत नसल्या तरी. एकदा तरी तिला निवांत झोपू दे.
रागावलेली, पण तुझीच,
क्रिसांता

लास पाल्मास, २ ऑक्टोबर

चि. सौ. क्रिसांतास,
अ. उ. आ. काल नावाडी चेमाने खणलं. प्रार्थना आठवेना, म्हणून कविता म्हटली. पाद्रीबाबा म्हणाले, चालेल, तिला तुमची सवय आहे. आई फार हलकी झाली आहे गं. हाडं धुऊन, पांढऱ्या कापडात गुंडाळून तिच्याच तामाले उकडायच्या पातेल्यात ठेवली. झाकणाचं दुसरं भांडं घरात नव्हतं. धक्क्यावर पाय अडखळले. म्हटलं, नदीला एकदा विचारावं का? चेमा म्हणाला, गुरुजी, ती कुणाला नको म्हणते का? मागे फिरलो.
शनिवारच्या बसने आम्ही दोघं येतो. घर चेमाच्या लेकीला लग्नात देऊन टाकलं. जावयाला नदी फार आवडते म्हणे. गाढव आहे.
आता रोज समोर असेन, तरीही लोभ टिकव.
तुझा दादा,
एवारिस्तो