चार ओले पिक्सेल

१४ मे २००३
फेब्रुवारी, मार्च, मे. तीन उपग्रहचित्रं, प्रत्येकाचे प्रकाशाच्या चार रंगांचे चार पट्टे, एकावर एक रचून झाले. सूत्र लावलं. प्रत्येक पिक्सेलमध्ये पोहरा सोडल्यासारखं उतरायचं नि ओल वाढली की घटली एवढंच विचारायचं. सुरगाण्याकडचा सगळा डोंगर वाळतोय, उन्हाळाच आहे. फक्त पाझर तलावाच्या बांधाखाली चार पिक्सेल ओले होत चाललेत. दोनावर दोन. माझीच चूक असणार.

१५ मे
चूक नाही. पट्ट्यांचा क्रम तपासला, सूत्र नव्याने लिहिलं. तेच चार.
भोयेला दाखवलं. ऑफिसचा सर्व्हेवाला, पण गाव त्याच भागातलं. म्हणाला, "ताई, ह्या बांधाखाली माझ्या बहिणीचा पाडा हाय. तिथं प्यायला पाणी नाय, मंग ही ओल कुठली?"
बांधातूनच झिरपत असेल, पावसाळ्यात तलाव भरला तर धोका, म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. जरा जपून बोलायला हवं होतं.

१९ मे
आमचे विभागप्रमुख देवधर सरांना सांगितलं. "अगं, चार पिक्सेलवर कोणी अहवाल लिहितं का? फिल्टर मार आणि दे पाठवून."
नकाशा देण्याआधी फिल्टर मारायचा ही आमच्याकडची रीतच. ठिपके जातात, सुबक दिसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतःसकट नऊ जणांत बहुमत कुणाचं ते बघतो आणि तसाच होतो. चार ओले, पाच कोरडे.
मारला. चारही गेले. खाली सही माझी.

२ जून
भोये रजा टाकून, बांध तपासा म्हणून सांगायला, तलाव ज्यांच्याकडे आहे त्या पाटबंधारे खात्याच्या साहेबांकडे जाऊन आला. साहेबांनी माझाच नकाशा पुढे केला. "कुठंय ओल? तुमच्याच बाईंची सही आहे ना?"
लाज वाटते.

३ जून
फिल्टर न मारलेलं चित्र आणि पत्र साहेबांच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिलं. शिपायाने शिक्का मारून ठेवून घेतलं.

१९ जून
साहेबांचं उत्तर नाही. तिकडे चार दिवस पाऊस झोडपतोय. भोये बहिणीला आणायला गेलाय. दुपारी बूथवरून फोन, निम्मा खरखरीत गेला. "तलाव अर्ध्याच्या वर आलाय ताई. ती घर सोडत नाय. म्हणती, साहेबानं नकाशा दाखवला ना, त्यात कायच नाय."
मी म्हटलं, सांग तिला, तो नकाशा खोटा आहे. फोन तुटला होता. ऐकलं का त्याने, कुणास ठाऊक.

२३ जून
भोयेचा फोन नाही. बूथ लागत नाही.
नवं चित्र आलं, कालच्या सकाळचं. चित्रात थेट बांधावर गेले. चारही पट्ट्यांत २५५, सगळ्यांत मोठा आकडा, पांढराफटक ढग. तरी सूत्र चालवलं. पट्ट्यांतला फरकच मोजतं ते, ओल शून्य म्हणतं. बांधाची शून्य, पाड्याची शून्य, सगळ्या डोंगराची शून्य. खाली बांध आहे की नाही, तेही कळत नाही.