केरबाचा बाप्तिस्मा

कोल्हापूर,
ता. १२ ऑक्टोबर १९११

ति. दादांस,
शालूचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र आणि सोबतचे पोहे पोचले. पोहे मऊ होते, पत्र कडक होतं. पोहे वहिनींनी कांडले आणि पत्र तुम्ही एकट्यानं लिहिलं, हे लगेच कळलं.

मी घरोघर बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायला जाते, तशी शुक्रवारी दवाखान्यातही जाते. तिथं आपल्या वाडीच्या केरबा गाडीवानाच्या दोघी बायका भेटल्या. मुलाचे डोळे आले होते म्हणून आल्या होत्या. मूल थोरल्या बयाबाईच्या मांडीवर होतं, म्हणून मी तिलाच त्याची आई समजले. दोघी हसल्या. बयाबाई म्हणाली, की जन्माला घातलाय चिमणीनं, पण हट्ट करायला त्याला मीच लागते.

मग धाकट्या चिमणाबाईनं मला बाजूला नेऊन विचारलं, की नवरा किरिस्ताव व्हायचं म्हणतोय आणि तुमचं दादा आकाराम सुतार सांगत्यात की आधी मला सोडाय पाहिजे, तर हे खरं हाय का. दादा, मंडळीचा नियम मला पाठ आहे. दोन बायका असतील त्यानं पहिली ठेवावी, दुसरीला मोकळं करावं, मगच बाप्तिस्मा. पण त्या पोरीनं जायचं कुठं? बाप मेला, भाऊ विचारत नाही. जी सुवार्ता आधी एका बाईला घराबाहेर काढते, ती तिला सुवार्ता कशी वाटावी?

इथं गणपतराव म्हणून नवीन उपदेशक आले आहेत, नगरकडचे. दर मंगळवारी सभा घेतात. गणपतराव म्हणतात, की कोणताही नियम देवापेक्षा मोठा नाही, प्रत्येक वेळी एवढंच विचारावं की इथं प्रीती काय सांगते. गणपतरावांचं हे म्हणणं मला मनापासून पटलं. तुम्ही मंडळीच्या कारभारी वडिलांपैकी आहात, तुमचा शब्द चालतो. एवढा एक नियम जरा सैल करा.

वहिनींना सलाम. रागावलात तरी लोभ काढून घेऊ नये.

आपली,
शालू


वाडी, पन्हाळ्याखाली,
ता. २० ऑक्टोबर १९११

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात गणपतरावांचं नाव प्रभूच्या नावापेक्षा जास्त वेळा आलं आहे. हे गृहस्थ कोण, कुणाचे, नगर सोडून इकडे का आले आणि लग्न झालंय की नाही, याची चौकशी कर. गोड गळ्याच्या माणसाबद्दल मला आधी शंका येते, मग बाकीचं.

आता तुझ्या प्रीतीबद्दल. इथं प्रीती काय सांगते, असं विचारायचं म्हणतेस. ते ऐकणार कोण? ज्याचं काम अडलेलं आहे तोच ना? माणसाला जे हवं असतं, तेच त्याला प्रीती सांगते असं वाटू लागतं, आणि तो खोटं बोलतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. मी सुतार माणूस. काटकोनाचा गुण्या न लावता नजरेनं चौकट बसवणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांना ती सरळच दिसत असते.

आपण बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंद काय म्हणाले होते, विसरलीस का? आता यांना ना उपास, ना विटाळ, ना जातपंच, सुटले मोकाट. इतकी वर्षं मी वाडीला दाखवत आलो की आम्ही मोकाट नाही, आम्हालाही कुंपण आहे. ते तुझ्या गणपतरावांनी एका मंगळवारी मोडून ठेवलं.

चिमणाबाईचं वाईट मलाही वाटतं. मी दगड नाही. पण केरबाला नाताळच्या आत बाप्तिस्मा हवा, अशी घाई का, हे मला उमगलेलं नाही. मिशनच्या नव्या शाळेचे दगड वाहायचं काम निघालंय, ते ख्रिस्ती गाडीवानाला मिळेल असं ऐकतो. कदाचित मीच वाईट बघत असेन. तरी बघणार.

तुझी वहिनी तानाबाई म्हणते, की पुढच्या वेळी पत्रही तीच लिहील. लोभ आहेच, तो दाखवायची माझी पद्धत तुला ठाऊक आहे.

तुझा,
दादा


कोल्हापूर,
ता. २ नोव्हेंबर १९११

ति. दादांस,
शालूचा सा. न. वि. वि.

गणपतरावांच्या लग्नाची काळजी तुम्ही करू नये. ते ठरलं आहे, मुलगी मिरजेची, आणि विधवा बहिणीबद्दल मनात आणलेली शंका लेखणीवर आणायची नसते. एवढं लिहून तो विषय मी संपवते.

केरबा गूळ घेऊन बाजारात आला होता, तसा मंगळवारच्या सभेलाही बसला. सभा झाल्यावर त्यानं माझ्यापाशी येऊन सरळ विचारलं, की बाई, मी दोघीतली कंची ठेवू. रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं, की पहिली कोण आणि दुसरी कोण हे मोजू नकोस. जिला तुझ्यावाचून कुणी नाही तिचा हात सोडू नकोस, आणि तुझं मन प्रीतीनं काय सांगतं ते ऐक. त्यानं माझे पाय धरले. मी मागं सरले, तरी मला बरंच वाटलं.

माझ्या मनात होतं, की तो आता दोघींनाही ठेवील आणि तुमच्यापुढं येऊन तसं सांगेल. मग तुम्हाला ठरवावं लागेल. मंडळीत आल्यावर एकीपासून वेगळं निजूनही त्याला दोघींना पोसता येईल. चुकलं असेल तर सांगा.

वहिनींच्या गुडघ्याला तेल पाठवते आहे. आहे तेवढी माया राहू द्यावी.

आपली,
शालू


वाडी,
ता. १९ नोव्हेंबर १९११

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या केरबानं मन काय सांगतं ते ऐकलं. काल त्यानं जातीचे पंच बोलावले, त्यांना जेवू घातलं आणि बयाबाईशी काडीमोड घेतला. पंचांपुढं काडी मोडली. कारण विचारलं तर वांझ आहे म्हणाला. ती तिथंच बसली होती.

रात्री माझ्याकडं आला. त्याचं म्हणणं असं, की आता मला एकच बायको हाय, तुमचा नियम पुरा झाला, आता नाताळाला पाणी घाला. मी विचारलं, की अरे, नियम पहिलीला ठेवायला सांगतो. तर म्हणाला, की ती आता बायकोच न्हाय, मग पहिली कुठली? आणि वर तुझं नाव घेतलं. शालूबाईंनी सांगितलंय, पहिली-दुसरी मोजू नको, जिला कोण न्हाय तिला धर. चिमणीला कोण न्हाय, बयाला भाऊ हाय. मी प्रीतीनंच केलं की!

तिचा भाऊ शाहूवाडीकडं डोंगरात असतो आणि त्यालाच दोन वेळचं मिळत नाही, हे केरबाला माहीत आहे. चिमणीचं वय वीस आहे, हेही माहीत आहे.

तुला दोष देत नाही असं लिहिणार होतो. पण देतो आहे. आज लोभाचं काही लिहवत नाही.

दादा


कोल्हापूर,
ता. २४ नोव्हेंबर १९११

ति. दादांस,
शालूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. बयाबाईच्या मांडीवरचं ते मूल सारखं डोळ्यांपुढं येतं. मी बोलले त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, आणि त्यानं ते सगळं जसंच्या तसं वापरलं. मला स्वतःची चीड आली आहे आणि त्याचीही.

तरी एक विचारते. तुमचा नियम पाळला असता तर चिमणाबाई याच पंचांपुढं बसली असती. तेव्हाही एक बाई बाहेर गेलीच असती, फक्त तेव्हा आपल्याला झोप लागली असती. म्हणून माझं म्हणणं चुकीचं होतं असं मी अजून मान्य करत नाही. ते चुकीच्या माणसाच्या हाती दिलं, हे मान्य करते. पण कुणाचा हात बरोबर, हे आधी कसं कळावं?

हात जोडून सांगते, बयाबाईला डोंगरात जाऊ देऊ नका. मागचं परसातलं घर रिकामं आहे ना? लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.

आपली,
शालू


वाडी,
ता. ८ डिसेंबर १९११

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच तानाबाईनं बयाबाईला परसातल्या घरात आणून बसवलं होतं. मला विचारलं नाही. मी माझी अवजारं हलवली.

पुढचं ऐक. चार दिवसांमागं सकाळी मी चाकाला आरे बसवत होतो, तर चिमणाबाई दारात. काखेत मूल, डोक्यावर गाठोडं. मी म्हटलं, की तू कुठं निघालीस? तर म्हणाली, की निघाली न्हाय, आली. बाळंतपणात माझं पाय दाबलं त्या बाईला त्यानं सगळ्या पंचांत वांझ म्हणून हाकलली. आज तिला, उद्या मला. मी मागं पडीन तवा त्याला आणि कुणाची तरी प्रीती यील की. एवढं बोलून मला ओलांडून परसात गेली. आतून दोघींचं रडणं ऐकू आलं आणि मग मुलाचं हसणं.

केरबा दोन वेळा येऊन गेला. पहिल्यांदा शिव्या देत, दुसऱ्यांदा हात जोडून. चिमणीचं उत्तर एकच, न्हाय म्हंजे न्हाय. पंचांकडून तिनंही काडी मोडून घेतली.

आता वाडीत बोलतात, की किरिस्तावांच्या वडिलांनी केरबाच्या दोन्ही बायका घरात ठेवल्या, घरची धरून तीन झाल्या. तानाबाई पाणवठ्यावर हे ऐकून आली आणि हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही. माझी इतक्या वर्षांची अब्रू आहे. माझ्याकडं संशयानं बघणारे लोक मला आवडत नाहीत, हे यानिमित्तानं कळलं.

मूल माझा रंधा घेऊन पळतं. बाकी ठीक. तुझ्यावरचा राग निम्मा उतरला आहे, तेवढाच लोभ वाढला असं समज.

तुझा,
दादा


कोल्हापूर,
ता. १५ डिसेंबर १९११

ति. दादांस,
शालूचा सा. न. वि. वि.

केरबा परवा इथं आला होता. खूप खंगला आहे. माझं सगळं गेलं, आता देव तरी द्या, असं म्हणून रडला. गणपतरावांनाही पाझर फुटला. ते म्हणतात, की चुकला तरी पश्चात्ताप झाला आहे, प्रीती क्षमा करते, बाप्तिस्मा द्यावा.

मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होते. ते पाणी खरं होतं असं वाटलं. मग आठवलं, की मागच्या वेळीही खरंच वाटलं होतं. दादा, तुमची खोड मला लागली. या खेपेस मी काहीही सुचवत नाही. निर्णय तुमच्या सभेत आहे. जे कराल त्यानं माझी माया कमी होणार नाही, तुमचीही होऊ नये.

आपली,
शालू


वाडी,
ता. २३ डिसेंबर १९११

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल वडिलांची सभा झाली. आपल्या मंडळीची रीत तुला माहीत आहे, सगळ्या वडिलांचं एकमत असल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही. केरबा अंग धुऊन, धुतलेला सदरा घालून बाहेर बसला होता.

पाद्रीसाहेबांनी नियम वाचला. दोन बायका असू नयेत. त्याला आता एकही नाही. श्रद्धेचे प्रश्न विचारले, त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. पश्चात्ताप झाला का, तर हो म्हणाला. बायकांवर राग आहे का, तर म्हणाला, की दोघींना मी क्षमा केली. हे ऐकून इतर वडिलांचे डोळे भरले. नियमानं बघितलं तर तो पात्र, गणपतरावांच्या प्रीतीनं बघितलं तरी पात्र.

विरोध कुणाचा, असं साहेबांनी विचारलं. मी हात वर केला.

साहेब म्हणाले, की आकाराम, कोणत्या नियमाखाली? मी म्हटलं, नियम सापडत नाही. ते म्हणाले, की नियम नसेल तर निदान कारण सांग. मी एवढंच म्हणालो, की त्यानं दोघींना क्षमा केली, पण एकीलाही मागितली नाही. ते म्हणाले, की असा काही नियम नाही. मी म्हटलं, नाही.

बाप्तिस्मा थांबला. केरबा गाडी जुंपून भाड्याला निघून गेला. रस्ता घाटाचा आहे. रात्रभर मनात येत होतं, की बाप्तिस्म्याविना त्याचं वाटेत बरंवाईट झालं तर त्याच्या आत्म्याचा जाब मला द्यावा लागेल. गुण्याशिवाय चौकट बसवली, तीही दुसऱ्याच्या दाराची.

म्हणून तुला विचारतो, आणि हे टोचून विचारत नाही. मी हात वर केला तो परसातल्या त्या दोघींच्या मायेनं, की मला केरबा पहिल्यापासून आवडत नव्हता म्हणून? आत दोन्ही आहे. रात्रभर बघितलं, वेगळं करता येईना. तू प्रीतीनं चालतेस, तुला कधी कळतं का? मला तर अजून कळलेलं नाही. तरी आज पुन्हा विचारलं, तर हात वरच जाईल.

नाताळाला इकडंच ये. लोभ माग, मी देतो.

तुझा,
दादा