चपळाबाई कधी उतरते?

सोमवार, ३ मार्च
कुलूप! जिन्याच्या फाटकाला. डिसेंबरात पायऱ्यांवरून पडले, त्याची शिक्षा. खांबांवरचं माझंच घर, खाली माझंच अंगण — आणि मी वर ओसरीवर कोंडलेली! निदिया म्हणते, "लिमोनच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलंय, आई." लेक आहे की जेलर?

मंगळवार, ४ मार्च
आज मजा! योर्लेनी आली — स्लॉथांचा, म्हणजे झाडाला उलट्या लटकणाऱ्या त्या मंद जनावरांचा, अभ्यास करणारी पोरगी. ग्वारुमोच्या झाडावरच्या आमच्या चपळाबाईच्या पाठीवर तिने काडेपेटीएवढं यंत्र बांधलंय. ते हालचाल टिपतं, पण कुठली हालचाल म्हणजे काय, ते माणसानेच बघून लिहावं लागतं. वेळेसकट. हिच्याकडे जनावरं अकरा, डोळे दोन!
"आजी, तुम्ही दिवसभर इथेच असता ना?"
असते बाई. जाते कुठे!

बुधवार, ५ मार्च
लिहिलं — काही नाही. अठ्ठावीस वेळा.

गुरुवार, ६ मार्च
योर्लेनी खूप हसली. "'काही नाही' असं नसतं, आजी. झोपली, खाजवलं, नुसतीच बघत बसली — सगळं वेगवेगळं लिहायचं." मग नीट बघितलं. अगं बाई! एक पान किती वेळ चघळते! माझी सासू अशीच, बिनदाताची. आमची भांडी घासून व्हायची, तिचा घास तोंडातच.
पण योर्लेनीला खरं हवंय ते वेगळंच. चपळाबाई आठवड्यातून एकदा खाली उतरते, शी करायला. ही बुंध्याशी काय करते, ते वेळेसकट अजून कुणी टिपलेलं नाही. आणि बुंध्यापुढे माझ्याच केळी! वरून काही दिसत नाही.
निदियाकडे चावी मागितली.
"जनावराच्या शीसाठी? डोकं ठिकाणावर आहे ना, आई?"

शनिवार, ८ मार्च
चपळाबाईचं पोट टम्म. मी फाटकाशी खुर्ची ओढून बसलेली. दोघी वरच.

रविवार, ९ मार्च
उतरतेय! सकाळचे सात. मागे सरकत सरकत, आधी ढुंगण. मी ओरडले, "चावी!" निदिया गायो पिंतोची, आमच्या भात-घेवड्याची, कढई चुलीवर टाकून आली. "तू हलू नकोस! मी बघते!" माझा नोंदींचा कागद हिसकावला, कुलूप काढलं, धावली. घाईत फाटक उघडंच!

सोमवार, १० मार्च
योर्लेनीने कागद मोठ्याने वाचला. शेवटच्या दोन ओळी निदियाच्या अक्षरात.
"७:१० — चपळाबाई जमिनीवर. शेपटीने खड्डा करतेय.
७:२२ — आई. बसून, मागे सरकत, एकेक पायरी. मी हाक मारली नाही. पडली नाही."